भावकविता उलगडून दाखवणारा ऑनलाइन कोर्स: वृत्ताला पाच स्टार, बाकीचं वाचून ठरवा

आधीच सांगून टाकतो, कोर्स वाईट नाहीये. घ्यायचा असेल तर घ्या, फक्त नेमकं काय पदरात पडणार ते कळावं म्हणून हा लांबलचक रिव्ह्यू. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि शिकवणाऱ्या मॅडमबद्दल मला आदरच वाटतो. रेकॉर्डेड व्हिडिओ आहेत, विषय भावकवितेचं विश्लेषण, तीन भाग पाडलेत, वृत्त, यमक आणि पुनरावृत्ती. सोबत वर्कशीट, क्विझ, लघु-गुरू (म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ उच्चाराची अक्षरं) मोजून देणारं एक टूल आणि शेवटी एक असाइनमेंट, ज्यावर फीडबॅक मिळतो असं म्हणतात. माझे स्टार: वृत्ताला पाच, यमकाला तीन, पुनरावृत्तीला दोन, आणि टूलला एक, तोही उगाच दया आली म्हणून.

वृत्ताच्या भागात खरंच भारी काम केलंय. शाळेत आपण काय केलं, तर लक्षणं पाठ, ओळीच्या डोक्यावर चिन्हं, गण पाडा, नाव लिहा, मार्क घ्या, विषय संपला. कानाचा कुठे संबंधच नाही. इथे मॅडम पहिल्या व्हिडिओत एकही व्याख्या देत नाहीत. मनाच्या श्लोकांची पहिली ओळ घेतात, 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा', आणि नुसती म्हणायला लावतात, मग ठेका धरून म्हणायला लावतात, मग शब्द काढून टाकायचे आणि राहिलेलं फक्त लगागा लगागा लगागा लगागा असं म्हणायचं, ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू. हे सगळं झाल्यावर सांगतात की हेच भुजंगप्रयात, य गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट) चार वेळा, १२ अक्षरं. तोवर ते तुमच्या जिभेवर बसलेलं असतं त्यामुळे लक्षण पाठ करायची गरजच उरत नाही. 'सर्वां'मधला स दिसायला ऱ्हस्व आहे पण पुढच्या जोडाक्षराचा धक्का त्याच्यावर येतो म्हणून तो गुरू, हे त्या फळ्यावर न लिहिता म्हणून दाखवतात आणि लगेच पटतं.

यमाताराजभानसलगं तर सगळ्यांनाच माहीत असतं, पण ते वापरायचं कसं हे मला तरी इथे पहिल्यांदा नीट कळलं. कुठलंही अक्षर पकडायचं आणि तिथून तीन अक्षरं वाचायची की गण मिळाला, य म्हणजे यमाता, लघु गुरू गुरू, भ म्हणजे भानस, गुरू लघु लघु. हे एका मिनिटात उरकून त्या पुढे जातात ते बरं करतात. यतीवरचा, म्हणजे ओळीतल्या थांब्यावरचा, व्हिडिओ मात्र मुद्दाम सावकाश आहे आणि तो दोनदा बघण्यासारखा आहे. मंदाक्रांता म्हणजे १७ अक्षरं हे पाठ असून उपयोग नाही, चारवर थांबा, मग सहावर, मग उरलेली सात, असं म्हटलं की कळतं पहिली चार गुरू अक्षरं किती जड पावलं टाकतात आणि मग मधली पाच लघु कशी एकदम सुटतात. कालिदासाने अख्खं मेघदूत याच वृत्तात का निभावून नेलं असेल याचा अंदाज थांबे मोजल्यावरच येतो.

अभंगाचं पण झकास. मोठा अभंग सहा-सहा-सहा-चार, हे सगळ्या पुस्तकात असतं. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया', मोजून बघा, बरोब्बर बसतं. पण चौथा तुकडा चारचाच का यावर पुस्तकं गप्प असतात. मॅडम तो म्हणून दाखवतात, तीन वेळा सहाची सवय लागलेली असते, चौथ्याला शब्द आधीच संपतात आणि राहिलेल्या जागेत आवाज लांबतो, 'ठेवोनियाऽऽ', म्हणजे गाणाऱ्याला श्वास घ्यायची आणि ऐकणाऱ्याला चित्र बघत राहायची जागा तिथे आपोआप तयार होते. लहान अभंग आठ-आठचा, त्यात ही मोकळी जागा नाही, म्हणून 'जे का रंजले गांजले, त्यासि म्हणे जो आपुले' हे ठासून सांगितल्यासारखं ऐकू येतं. या एका व्हिडिओसाठी कोर्स घेतला तरी चालेल.

आता टूल. ओळ पेस्ट करायची, ते लघु-गुरूची चिन्हं काढून देतं, वृत्त ओळखतं, म्हणे. संस्कृत श्लोक टाकला तर ठीक चालतं, मराठी टाकलं की गडबड. 'तुझ्या' टाका, तु गुरू दाखवेल, कारण पुढे जोडाक्षर. अरे पण मराठीत आपण 'तुझ्या' म्हणताना तु वर आघात देतो का? नाही देत, म्हणून तो लघुच. 'पुन्हा'चं तेच, 'तिच्या'चं तेच. हा अपवाद मॅडम व्हिडिओत स्वतः सांगतात आणि त्याच कोर्सचं टूल तो पाळत नाही.

याहून गंमत म्हणजे जुनं लेखन. बालकवींच्या 'आनंदी आनंद गडे'मध्ये जुन्या छापात 'चोहिंकडे' असं अनुस्वारासकट असतं. ते अनुस्वार उच्चारात नव्हतेच, १९६२च्या लेखननियमांनी असले अनुच्चारित अनुस्वार लिहिण्यातूनही काढले, पण टूलला हे कोण सांगणार, ते हिं ला गुरू धरतं, १४ मात्रांच्या (लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन) १५ होतात आणि लाल रंगात 'वृत्तदोष' येतं. बालकवींना वृत्तदोष! बरं म्हणून आजच्या प्रमाणलेखनानुसार 'चोहीकडे' टाकलं तरी ही दीर्घ, परत १५. कवीने हि मुद्दाम ऱ्हस्व केलाय कारण त्याला शेवटी सहाच मात्रा हव्यात. हे मशीनला चूक वाटतं आणि खरं तर विश्लेषणाची सुरुवातच तिथून व्हायला हवी, की शब्द कुठे वाकवला आणि का.

वृत्ताच्या भागात एकच गोष्ट खटकली, एक पीडीएफ तक्ता आहे, कुठलं वृत्त कुठल्या भावनेला. मंदाक्रांता विरह, शार्दूलविक्रीडित भव्य, अमुक आनंदी, तमुक करुण. मंदाक्रांतेपुरतं ठीक आहे पण सगळ्यांना अशी लेबलं लावू नका हो. आठ-सहा मात्रांची ती 'आनंदी आनंद गडे'चीच चाल घ्या आणि हे म्हणा:

अंगण ओले, कोणि नसे
दार उघडते, वाट दिसे

माझ्याच ओळी आहेत, काव्य म्हणून नका बघू, मात्रा बघा. तेच आठ, तेच सहा, यमकसुद्धा तसंच शेवटी. आनंद कुठे आहे? वृत्त फक्त चाल देतं, त्यात शब्द कुठे तुटतात, स्वर कुठले येतात, काय परत येतं यावर सगळं ठरतं. विद्यार्थ्यांनी हा तक्ता पाठ करून परीक्षेत लिहिला तर नवल नाही, आणि मग आयुष्यभर तेच धरून बसतील.

यमकाचा भाग. इथून कोर्सची गाडी जरा घसरते. पद्धत अशी शिकवलीय की प्रत्येक ओळीचा शेवट बघायचा आणि अअबब, अबअब अशी अक्षरं द्यायची. सुनीताला, म्हणजे चौदा ओळींच्या सॉनेटला, हे छान लागू पडतं, केशवसुतांनी १८९२ मध्ये मराठीत सुनीत आणलं तेव्हापासून ती रचना आपल्याकडे आहेच. पण हीच पट्टी अभंगाला लावली की काय होतं? मोठ्या अभंगात यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यात, विटेवरी-कटावरी, आणि चौथा तुकडा मोकळा. ओळीच्या शेवटी बघणाऱ्याला तिथे 'ठेवोनिया' दिसणार आणि तो लिहिणार, यमक नाही. क्विझमध्ये हा प्रश्नच नाहीये, म्हणजे टाळलाय सरळ. दामयमकाचा पण एका स्लाइडवर उल्लेख करून सोडून दिलंय, जिथे एका चरणाच्या शेवटची अक्षरं पुढच्या चरणाच्या सुरुवातीला परत येतात. ते यमकही आहे आणि पुनरावृत्तीही, मग कुठल्या भागात घालायचं हा प्रश्न पडला असणार म्हणून स्लाइडवर संपवलं असा माझा संशय.

आणि मराठीपुरता जो सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे तो पूर्णच राहिलाय. मराठीत यमक स्वस्त आहे. आली गेली झाली न्हाली, करतो बघतो हसतो, घरात दारात मनात, प्रत्यय जुळला की यमक जुळलं. लिहिणाऱ्याला फुकट मिळतं त्यामुळे यमक आहे की नाही एवढं सांगून काहीच सांगितलं जात नाही. बघायचं हे की नुसता प्रत्यय जुळलाय की त्याच्या आधीचं अक्षर पण, धातू पण. 'आली-गेली'त फक्त ली जुळते, आली-झाली-न्हालीत आ पण येतो, आणि दोन शब्दांच्या अर्थात काही देवाणघेवाण होत असेल तर मग खरी मजा.

याचं उदाहरण त्यांच्या हातातच होतं हो! तीच मनाच्या श्लोकांची ओळ, जी पहिल्या व्हिडिओत एवढ्या प्रेमाने म्हणून घेतली, तिची जोडीदार ओळ काय आहे, 'मुळारंभ आरंभ तो निर्गुणाचा'. वर गुणांचा, खाली निर्गुणाचा. चा चा जुळला एवढंच नाही, अख्खा 'गुण' जुळलाय, आणि वर तो सगळ्या गुणांचा ईश आहे, खाली त्याच शब्दाला निर् लागून तो निर्गुणाचा आरंभ झालाय. सगुण आणि निर्गुण यमकाने एकमेकांसमोर उभे केलेत. त्यात गणाची तोड बघा, मुळारं, भ आरं, भ तो निर्, गुणाचा, म्हणजे लगागा पाडलं की निर् वेगळा पडतो आणि शेवटच्या गणात गुणाचाच ऐकू येतं. वृत्ताशिवाय हे दिसत नाही, यमकाशिवायही दिसत नाही, आणि 'आरंभ' लागोपाठ दोनदा आलाय तो तिसऱ्या भागाचा मुद्दा. एका श्लोकाच्या दोन ओळीत तिन्ही भाग आहेत आणि कोर्सने ती ओळ वृत्ताच्या डब्यात घातली, झाकण लावलं, परत उघडलंच नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे. शिकवायला तीन भाग सोयीचे पडतात मान्य, पण निदान शेवटी एक तरी कविता घेऊन तिन्ही एकत्र दाखवायला पाहिजे होते.

पुनरावृत्तीचा भाग सगळ्यात अशक्त. ध्रुवपद म्हणजे काय, पालुपद म्हणजे काय, द्विरुक्त शब्द कसे होतात, याद्या आहेत, ठीकठाक आहेत. पण क्विझमधल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर 'भर देण्यासाठी' असं आहे. शब्द दोनदा आला, भर देण्यासाठी. ओळ परत आली, भर देण्यासाठी. मग ऑप्शन न वाचता तेच टिक करत गेलं तरी पास होता येतं. अहो भर कशावर, कशासाठी, आणि दुसऱ्यांदा येताना तो शब्द तोच राहिला का? परत येताना बदललेली गोष्ट पकडणं हेच तर काम आहे इथे.

बालकवींच्या त्याच कवितेवर कोर्समध्ये एक वर्कशीट आहे, त्यात विचारलंय 'मोद हा शब्द किती वेळा आला'. बस. आता मी त्या वर्कशीटच्या जागी काय ठेवलं असतं ते सांगतो, कारण ही कविता या विषयासाठी सोनं आहे. पहिली ओळ १४ मात्रा, आठ आणि सहा. पण आठवर थांबून बघा, 'आनंदी आ', 'नंद गडे'. आनंद शब्दच मधोमध तुटतो, चाल त्याला थांबू देत नाही, उडी मारायला लावते. दुसऱ्या ओळीत 'इकडे तिकडे' आठ, 'चोहिकडे' सहा, इथे शब्द बरोबर जागेवर संपतात, कडे कडे कडे तीनदा, आणि वरच्या 'गडे'शी जुळतं पण. म्हणजे ओळीच्या आतलं पुन्हापुन्हा येणं आणि ओळीच्या शेवटचं यमक एकच आवाज करतायत. मग 'वरती-खाली मोद भरे', 'वायूसंगे मोद फिरे', दोन्हीकडे आठ-सहा.

आणि मग बघा काय होतं. 'नभांत भरला', 'दिशांत फिरला', 'जगांत उरला'. मोजा, तिन्ही फक्त आठ. सहाचा तुकडा गायब! कान सहाची वाट बघतोय आणि कवी तो देतच नाही, आठावर आठ, आठावर आठ, धाप लागल्यासारखं, आणि मग एकदम 'मोद विहरतो चोहिकडे', आठ अधिक सहा, अडवून ठेवलेली सहाची जागा परत मिळाली, तीही कुठल्या शब्दाने, तर आधी ऐकलेल्या चोहिकडेनेच. यमक बघा, भरला फिरला उरला, नुसता ला नाही, रला जुळलाय, म्हणजे तो स्वस्तातला प्रकार नाही. आणि धातू बघा, भरे-फिरे मध्ये जे भर आणि फिर होते तेच परत आलेत, त्याच क्रमाने, फक्त काळ बदललाय, चालू होतं ते घडून गेलं. तिसरा 'उरला' मात्र आधी कुठेच नव्हता. भरलं, फिरलं, आणि एवढं करून उरलंसुद्धा. भरून उरणं म्हणतो ना आपण, ते इथे तीन धातूंच्या रांगेत घडवलंय. याला 'भर देण्यासाठी' म्हणणार का?

हे सांगायला मॅडमना दहा मिनिटं लागली असती आणि त्यांनी ते माझ्याहून शंभरपट चांगलं सांगितलं असतं, अभंगाच्या चौथ्या तुकड्यावर त्या जे बोलल्यात ते ऐकून मला याची खात्री आहे. म्हणूनच जास्त चुटपुट लागते.

गझलेचा एक बोनस व्हिडिओ आहे, तो चांगला आहे, कारण गझलेत तिन्ही गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. रदीफ म्हणजे तोच शब्द परत परत, त्याच्या अगोदर बदलता काफिया म्हणजे यमकाचा शब्द, त्यातली अलामत म्हणजे न बदलणारा स्वर सांभाळायची, आणि हे सगळं एकाच लगावलीत, म्हणजे लघु-गुरूंच्या एकाच क्रमात. रदीफ तसाच राहून प्रत्येक शेरात त्याचा अर्थ थोडा सरकला पाहिजे, नाहीतर ती नुसती शेपूट, हे वाक्य मॅडमचंच आहे आणि मला फार आवडलं. मुक्तछंदावरचा व्हिडिओ मात्र उरकलाय. कवी अनिलांचं नाव, मुक्तछंद म्हणजे बंधन नाही, संपला. वृत्त आणि यमक दोन्ही काढून घेतल्यावर पुनरावृत्तीवर किती ओझं येतं, वाक्याची ठेवण परत आणून कवी लय कशी उभी करतो, यातलं काही नाही.

असाइनमेंटचा फीडबॅक: 'छान प्रयत्न, वृत्त अचूक ओळखले आहे, यमकाकडे अधिक लक्ष द्यावे'. मी दिलेल्या कवितेत यमक नव्हतंच. टेम्प्लेट आहे सरळसरळ, माणसाने वाचून लिहिलेला फीडबॅक मिळेल या आशेवर कोर्स घेऊ नका. सबटायटल ऑटो आहेत त्यामुळे 'यती'चं 'येती' होतं, 'गण'चं 'गाणं' होतं, आणि एके ठिकाणी 'लघु गुरू'चं 'लघु करू' झालंय, ते वाचून हसू येतं पण ज्यांना ऐकायला कमी येतं आणि जे सबटायटलवरच अवलंबून आहेत त्यांनी काय करायचं? हे दुरुस्त करणं अवघड नाही, तरी तसंच ठेवलंय.

कोणी घ्यावा: ज्यांना वृत्त म्हटलं की शाळेतली भीती आठवते त्यांनी नक्की घ्या, डोळे झाकून. गझल लिहायला सुरुवात करणाऱ्यांनी वृत्ताचा भाग आणि बोनस व्हिडिओ बघा. जे आधीच मात्रा मोजू शकतात आणि त्यापुढे जाऊन कविता वाचायला शिकायचंय त्यांना यात फार काही नाही, त्यांनी माधव जूलियनांचं 'छंदोरचना' हाताशी ठेवावं आणि एखादी आवडती छोटी कविता घेऊन स्वतःच बसावं. परीक्षेसाठी घेत असाल तर पीडीएफ नोट्स पुरेशा आहेत, पण तो भावनांचा तक्ता वगळून वाचा.

आणि व्हिडिओ १.५ स्पीडवर लावू नका प्लीज. बाकीच्या कोर्सना चालतं, इथे सगळी लय जाते आणि मंदाक्रांता पळायला लागते.